अकराच्या अकरा बरोबर

मी घर सोडलं तेव्हा माझी मुलगी वासरू बघायला गेली होती. गेली होती म्हणजे तिला पाठवलं होतं. शेजारच्या गोठ्यात गाय व्यायली होती आणि माझ्या आईला तेवढंच निमित्त मिळालं. आईला आम्ही माय म्हणतो. माय म्हणाली, "लेकराला चुकवून जाय बाई. तिनं बघितलं तं ना ती तुला सोडील, ना तुझा पाय निघंल." मी पिशवी उचलली, चपला हातात घेतल्या आणि मागच्या दाराने निघाले. सकाळचे नऊ वाजले असतील. फाट्यावर पुण्याची एसटी यायला वेळ होता, पण मी रस्त्यावर उभी न राहता बाभळीच्या आडोशाला बसले. न जाणो, वासरू बघून ती लवकर परतली तर. आरोही तेव्हा चार वर्षांची होती.

मायने नंतर फोनवर सांगितलं की ती रडली नाही. दाराशी आली, माझ्या चपला जागेवर नाहीत हे तिने बघितलं. मग ज्वारीच्या कोठीमागे बघितलं, न्हाणीत बघितलं, आणि जेवायला बसली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, हे आज उघड लिहिते.

मी मंगल. परभणीकडची, बारावी पास. नवऱ्याने नांदवलं नाही. का, ते त्याचं त्याला माहीत, मी विचारायचं सोडून दिलं. वर्षाच्या पोरीला घेऊन माहेरी आले. भाऊ चांगला आहे, पण त्याचं घर ते त्याचं घर. परत आलेल्या बहिणीला तिथे चहासुद्धा जरा हळू प्यावा लागतो. म्हणून गावातली एक बाई चाकणच्या कंपनीत लागली होती, तिच्या ओळखीने मीही आले. मायला कबूल केलं होतं, परमनंट झाले की आरोहीला घेऊन जाईन. सहा महिने, फार तर वर्ष.

वर्षं तीन गेली. जे या कारखान्यांच्या पट्ट्यात राहतात त्यांना सांगायला नको, पण गावाकडच्यांसाठी सांगते. इथे कॉन्ट्रॅक्टवर सात महिने झाले की ब्रेक देतात. ब्रेक म्हणजे घरी बसा. मग पुन्हा बोलावतात, नवीन कार्ड देतात, नवीन नंबर देतात, आणि आपण पुन्हा नवीन असतो. काम तेच, हात तेच, फक्त गळ्यातल्या कार्डावर आपण कालच जन्मलेलो. चिखलीत एका खोलीत आम्ही चौघीजणी राहायचो. सकाळी कंपनीची बस मोशीवरून इंद्रायणीचा पूल ओलांडून चाकणला न्यायची. गाडीच्या आत सगळीकडे वायरींचा जो जुडगा पसरलेला असतो, तो आम्ही बनवायचो. मोठ्या लाकडी बोर्डावर खुंट्या ठोकलेल्या असतात. त्यांच्यामधून एकेक वायर ठरलेल्या क्रमाने न्यायची, टेप गुंडाळायची, टोकाला कनेक्टर. क्रम चुकला की आधीचं सगळं उपसून पहिल्यापासून. डोळे मिटून करता येईल इतका तो माझ्या बोटांत बसला होता.

कंपनी मूळची जपानी, त्यामुळे एक शिस्त तिकडची होती. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी बोर्डासमोर ताठ उभं राहायचं, प्रत्येक वस्तूकडे हात लांब करून बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं. ग्लोव्ह्ज, योशी! टेप, योशी! कनेक्टर, योशी! योशी म्हणजे ठीक आहे, बघितलं. नुसतं मनात म्हणून चालत नाही. बोट पाहिजे, नजर पाहिजे आणि आवाज पाहिजे. सुरुवातीला आम्हाला भयंकर हसू यायचं. पण सवय अशी लागली की खोलीवरून निघताना मी गॅसकडे बोट करून योशी म्हणायचे, कुलपाकडे बोट करून योशी म्हणायचे. बाकीच्या तिघी चेष्टा करायच्या.

मग एक दिवस नोटीस लागली. चार ऑपरेटर जपानला मूळ कारखान्यात पाठवणार. एक वर्षाचं ट्रेनिंग, आणि परत आल्यावर परमनंट. कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही संधी. अट एकच होती, भाषेची परीक्षा. थोडं बोलणं आणि ऐंशी कांजी. कांजी म्हणजे त्यांची चित्रासारखी अक्षरं, एकेक अक्षर म्हणजे एकेक आख्खा शब्द. जपानमध्ये पहिलीतली मुलं वर्षभरात ही ऐंशी शिकतात म्हणे.

आरोही पण त्याच वर्षी पहिलीत होती.

मायला फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी कुठे, किती लांब ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "अजून एक वरीस? तवर ती तुला वळखंल का?" मी म्हटलं, एक वर्ष गेलं की मग कायमची माझ्याजवळ. असं म्हटलं खरं, पण तिचा प्रश्न खोटा नव्हता. आरोही तोवर मला आई म्हणत नव्हतीच. आजीला माय म्हणायची आणि आजी मला जी हाक मारते तीच हाक मला मारायची, मंगल. "मंगल, तू जेवलीस का?" असं विचारायची. लोकांना गोड वाटायचं.

पहिली शिफ्ट सुटली की कॅन्टीनमध्ये क्लास भरायचा. शिकवायला निगडीची एक मुलगी यायची, वयाने माझ्यापेक्षा लहान, पण आम्ही सगळे तिला सेन्सेई म्हणायचो, म्हणजे गुरुजी. माझ्या शेजारी कविता बसायची. कुडाळची, माझ्याच खोलीतली, आवाज खणखणीत. ती दिवसाला पाच कांजी पाठ करायची. माझं मात्र काही केल्या जमेना. पहिल्या आठवड्यात सेन्सेईने 'मोठा' लिहायला सांगितलं, मी लिहिलं आणि सवयीने डोक्यावर रेघ ओढली. सेन्सेई हसून म्हणाली, "मंगलताई, हे आकाश झालं." एका रेघेने मोठ्याचं आकाश होतं. मी प्रत्येक अक्षराला शिरोरेषा द्यायचे आणि मग खोडायचे. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी आरोहीला वही दाखवायची, ती मला पाटी दाखवायची. मी झाडाची कांजी दाखवली तर ती म्हणाली, "मंगल, चुकलं. डोक्यावर रेघच न्हाई काढली तू. आमच्या बाई मारतील तुला." मी म्हटलं, आमच्या बाई रेघ काढली तर मारतात. तिला ते पटलं नाही.

सगळ्यात छळलं ते उजव्या-डाव्याने. 右 म्हणजे उजवा, 左 म्हणजे डावा. दोन्हींचा वरचा भाग दिसायला सारखाच, एक आडवी रेघ आणि तिला छेदणारी एक तिरकी. पण उजव्यात तिरकी आधी काढायची आणि डाव्यात आडवी आधी. मी विचारलं, कागदावर शेवटी तेच दिसतं, मग आधी कोण नंतर कोण याने काय फरक पडतो? सेन्सेई म्हणाली, "लिहिणाऱ्याला पडतो." मला राग आला. तीन वर्षं कंपनीत क्रम, आणि इथेही क्रम. वही मिटून टाकली आणि त्या दिवशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. कविता म्हणाली, "गो मंगल, रडतंस कित्याक? येतला सगळा." तिला येत होतं म्हणून ती असं म्हणू शकत होती.

काही अक्षरांनी तर डोकंच फिरवलं. कंपनीत जिथे बघावं तिथे सेफ्टीचा हिरवा बोर्ड असतो, त्यावरचं पहिलं अक्षर 安. सेन्सेईने फोड करून सांगितली. वर छप्पर, खाली बाई. छपराखाली बाई म्हणजे सुरक्षित. मी म्हटलं, हे कुणा पुरुषानेच काढलेलं असणार. माझ्यावर छप्पर होतं तेव्हाच मी सगळ्यात जास्त मार खाल्ला. सेन्सेई बिचारी गोरीमोरी झाली. मग म्हणाली की हेच अक्षर स्वस्त या अर्थानेही वापरतात. त्यावर आम्ही कॉन्ट्रॅक्टवाल्या सगळ्या इतक्या हसलो की कॅन्टीनचा माणूस बाहेर आला.

आणि एक दिवस तिने 女 आणि 子 शेजारी शेजारी लिहिलं. बाई आणि मूल. "दोन्ही एकत्र आले की होतं आवडणं," ती म्हणाली. "हे परीक्षेला नाही, गंमत म्हणून सांगते." मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मला चीड आली होती. त्या अक्षरात बाई आणि मूल एकमेकांना खेटून उभे होते आणि माझं मूल तिकडे लांब दुसऱ्याच दाराशी चपला बघत होतं.

परीक्षेला महिना राहिला तेव्हा मला एक युक्ती सुचली. बोर्डाजवळ कटिंगचे तुकडे पडलेले असतात, वीतभर, बोटभर. ते लाल पेटीत टाकायचे, ती स्क्रॅपची पेटी. जेवणाच्या सुट्टीत मी चार तुकडे उचलले आणि टेबलावर मांडून झाडाची कांजी केली. आडवी वायर, तिच्यावर उभी, मग दोन तिरक्या, आणि मधे टेपचा एक वेढा. आणि काय सांगू, ती कांजी मी पुन्हा कधी विसरले नाही. कागदावर माझी बोटं मुकी होती, वायर हातात आली की त्यांना बोलता यायचं. उजवा आणि डावासुद्धा सुटले. उजव्यात तिरकी वायर खाली जाते आणि आडवी तिच्यावर पडते, डाव्यात उलट. हे मला बोर्डावर रोजच माहीत होतं. जी आधी टाकली ती खाली राहते. वर्गात एक महिना जे शिरलं नाही ते चार तुकड्यांनी शिरलं. रोज सुट्टीत मी अक्षरं करायची, बघायची, उलगडायची आणि तुकडे पुन्हा लाल पेटीत टाकायची. ऐंशीतली साठ अशी झाली, मग सत्तर. पहिल्यांदा मला वाटलं की माझंही होणार. मी मनातल्या मनात चिखलीतल्या दोन खोल्या बघून ठेवल्या, शाळा बघून ठेवली.

परीक्षा मंगळवारी होती. आदल्या शनिवारी मी अकरा अक्षरं केली आणि उलगडली नाहीत. माणूस, झाड, डोंगर, नदी, तोंड, वर, खाली, उजवा, डावा, बाई, मूल. रविवारचा एक दिवस हातात होता, खोलीवर बसून नीट घोकायचं होतं. आणि मुलाचं अक्षर, ते 子, पाकिटात घालून आरोहीला पाठवायचं होतं. तिचा वाढदिवस जवळ आला होता. कविताने बघितलं. म्हणाली, "गेटपास घेतल्याशिवाय नेव नको गो." गेटपास म्हणजे एक चिठ्ठी, सुपरवायझरच्या सहीची. पण सुपरवायझर निघून गेला होता, बस सुटायला दहा मिनिटं होती. मी म्हटलं, कचराच तर आहे. अकराही अक्षरं रिकाम्या डब्यात घातली आणि झाकण लावलं.

गेटवर पडद्यामागे बायकांची तपासणी सुमनताई करायच्या. याच गावच्या, आज कंपनीचं पार्किंग आहे तिथे एकेकाळी त्यांचं कांद्याचं वावर होतं. चांगल्या बाई. एरवी डबा हलवून बघायच्या आणि जा म्हणायच्या. त्या दिवशी डबा हलवला आणि तो वाजला.

"ही काय हाय गं, ताई? वायर?"

मी म्हटलं, अक्षरं आहेत. त्यांनी एक उचललं, उलटंपालटं केलं. "व्हय, असतील अक्षरं. पर तांबं हाय आत. मागच्या महिन्यात तांब्यापायीच दोघींला काढलं, तुला ठाव न्हाई का?" मी हात जोडले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमी न्हाई लिहिलं आन् कॅमेऱ्यात दिसलं, तर उद्या मी बी तुझ्याबरुबर बाहेर. मला मोप वाईट वाटतंय बाई, पर चल."

एचआरच्या साहेबांच्या टेबलावर मी ती अकरा अक्षरं ओळीने मांडली. एकेकाकडे बोट दाखवून सांगितलं, साहेब, हे झाड, हा डोंगर, ही नदी. घाबरल्यावर माझा हात आपोआप तसाच लांब झाला, शिफ्टच्या सुरुवातीला होतो तसा. साहेब म्हणाले, "मला वेडीवाकडी वायर दिसतेय. हे अक्षर आहे हे मी कशावरून मानू?" म्हणून त्यांनी सेन्सेईला बोलावलं. ती कॅन्टीनमधून पर्स घेऊन निघतच होती.

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आली, टेबलावर वाकली आणि तिचा चेहरा उजळला. "मंगलताई, हे तुम्ही केलं?" तिने एकेक अक्षर उचलून मोठ्याने वाचलं. उजवा आणि डावा हातात घेऊन तिने निरखून बघितलं. "कोणती वायर खाली आहे बघा ना सर, क्रमसुद्धा चुकलेला नाही. अकराच्या अकरा बरोबर!"

साहेबांनी पेन उघडलं आणि लिहिलं, अकरा नग. मग कागद माझ्याकडे सरकवला. "म्हणजे तुमचेच आहेत, चुकून आलेले नाहीत. सही करा." सेन्सेईने माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि तेव्हा तिला कळलं. ती काहीतरी बोलू लागली, पण साहेब म्हणाले, मॅडम, तुमचं काम झालं. तीन वर्षांत कुठल्याही परीक्षेत मला इतके मार्क पडले नव्हते.

केस केली नाही, हेच उपकार म्हणायचे. जपानच्या यादीतून नाव गेलं, आणि महिनाअखेरीला ब्रेक मिळाला. या ब्रेकनंतर बोलावणं येणार नाही हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

कविता पास झाली. कविता, तू हे वाचशील तेव्हा तिकडे बर्फ पडत असेल. तू निघालीस त्या दिवशी मी तुझी बॅग उचलून खाली आणली, तुला डबा दिला, आणि वर येऊन उशीत तोंड खुपसून तुझ्या नावाने वाटेल ते बोलले. मी जळले. खोटं कशाला बोलू. तू फोनवर सांगतेस की तिकडे दुकानाच्या पाट्यांवर आपली अक्षरं दिसतात आणि तुला माझी आठवण येते. सांगत जा. पण लगेच फोन ठेवू नकोस, मला जरा वेळ लागतो. आणि तू बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस हे तू सांगितलं नाहीस तरी मला माहीत आहे, आपण दोघी एकाच खोलीत राहिलोय.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाला स्वतःहून सांगितलेलं नाही. यादीतून नाव गेल्याचं मी घरी कळवलं नव्हतं, आणि कविता गेली त्याच आठवड्यात आरोहीने फोनवर विचारलं, "मंगल, तू जपानला पोचलीस का?" आणि मी हो म्हटलं. का म्हटलं, मला सांगता येणार नाही. तिला शाळेत सगळ्यांना सांगायचं होतं, आवाजात तेवढा आनंद होता. मग मी चिखलीत बसून जपानला राहू लागले. कॅमेरा बंद ठेवायचा, इथे नेट चालत नाही सांगायचं. दिवसा कुदळवाडीकडच्या एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगचं काम धरलं आणि संध्याकाळी मुलीला बर्फाच्या गोष्टी सांगू लागले. कविता मला जे सांगायची ते मी आरोहीला सांगायची. माझ्या मुलीशी बोलायला माझ्याकडे स्वतःचं काही उरलं नव्हतं. त्या दिवसांत कधी कामाने इंद्रायणीच्या पुलावरून जावं लागलं तर मी खाली बघत नसे. माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

महिनाभर चाललं ते. एका रविवारी सकाळी बोलत असताना खाली कचऱ्याची गाडी आली. तिच्या भोंग्यावर रोजचं चालू, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. आरोहीने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तिकडं मराठी बोलतेत?" मी घाईने खिडकी लावून घेतली. तिने फोन मायकडे दिला आणि ती निघून गेली. मायचा आवाज शांत होता. "मला पहिल्याच दिशी कळलं. जपानातून बोलायले म्हणतीस आन् आवाज शेजारून यायलाय. मी म्हणलं, सांगंल तवा सांगंल." मग म्हणाली, "मोठ्या माणसाला फसीव, मंगल. लेकराला कितीदा चुकवशील?"

चुकवून जा असं मला पहिल्यांदा तिनेच सांगितलं होतं. पण हे मी बोलले नाही, कारण मागच्या दाराने गेले होते ते माझेच पाय होते.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेले. हातात परमनंटचं कार्ड नव्हतं, दोन खोल्या नव्हत्या, काही नव्हतं. गेल्या तीन वर्षांत जे झाल्यावर तिला आणायचं होतं त्यातलं एकही झालं नव्हतं. भाऊ म्हणाला, वेडेपणा करू नकोस. माय म्हणाली, "न्यायची तं ने. पण फिरून आणून सोडू नको. लेकरू हाय, गाठोडं न्हाई." निघायच्या दिवशी सकाळी माय कुठेच दिसेना. आरोही सगळीकडे शोधून आली. कोठीमागे बघितलं, न्हाणीत बघितलं. दाराशी मायच्या चपला नव्हत्या. या वेळी माय मागच्या दाराने गेली होती. एसटी हलली तेव्हा आरोही मला म्हणाली, "तुझ्या घरी किती दिस राहायचं?"

आता चिखलीतच वेगळी जागा घेऊन आम्ही दोघी राहतो. एक खोली, एक खिडकी, खाली एक पत्र्याचं वर्कशॉप दिवसभर खडखडतं. आरोही महापालिकेच्या शाळेत दुसरीत जाते. शाळा सुटली की खालच्या काकूंकडे बसते. तिचे कपडे मी फळीवर लावले, तिने काढून पुन्हा तिच्या बॅगेत भरले. रोज बॅगेतून काढते, धुतलेले घडी करून बॅगेत ठेवते. फळी मी तशीच रिकामी ठेवली आहे. गावाला ती आपलं घर म्हणते आणि या खोलीला तुझी खोली. मीही पहिले काही महिने असंच बोलायची, फक्त मला इथे आणणारं दुसरं कुणी नव्हतं ज्याच्यावर रागवावं. तिच्यासाठी ती बाई मी आहे.

कांजी मी सोडलेल्या नाहीत. परीक्षा बिरीक्षा नाही, आता कोण पाठवतंय मला. पण वर्कशॉपमध्ये पॅकिंगची बारीक तार मिळते, मालकाला विचारून चार तुकडे आणते. विचारून, हे मुद्दाम लिहिते. आरोही तार वाकवते. तिला आता शिरोरेषा नसलेली वीस अक्षरं येतात. बाई आणि मूल तिने केले आणि खिडकीच्या दोन गजांना बांधले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. शेजारी बांध असं मी सांगितलं नाही.

आणि सकाळी निघताना आम्ही एक खेळ खेळतो. दारात दोघी ताठ उभ्या राहतो. ती हात लांब करून बोट दाखवते. गॅस, योशी! नळ, योशी! दप्तर, योशी! डबा, योशी! तिचा आवाज कविताइतका खणखणीत आहे. पहिल्या दिवशी सगळं झाल्यावर तिचं बोट माझ्याकडे वळलं. "मंगल," ती म्हणाली आणि थांबली. मी वाट बघितली. तिने बोट खाली केलं. "संध्याकाळी आलीस की सांगते."

तेव्हापासून मी रोज माझं योशी शिल्लक ठेवून कामाला जाते. दिवसभर खोकी बांधताना माझ्या डोक्यात तेवढंच असतं. सहाला सुटले की वाटेत कुणाशी बोलत नाही, भाजीसुद्धा घेत नाही, आधी खोली. परवा मालकाने अर्धा तास थांबवलं. मी नाही म्हणू शकले नाही, हे काम गेलं तर पुढे काय हे मला माहीत नाही. धावत आले तर आरोही जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. पाठीला तिची कपड्यांची बॅग होती. काकू म्हणाल्या, "मी किती वेळ सांगतेय आत ये, ऐकायलाच तयार नाही." आरोही रडत नव्हती. म्हणाली, "मला वाटलं, चुकवून गेलीस."

मी तिच्यासमोर खाली बसले. मला सांगायचं होतं की आता कधीच नाही, पण कबूल करून मी आजवर काय पाळलं होतं? तिने बॅग खाली ठेवली, उभी राहिली आणि हात लांब केला. कंपनीत लाइनवर बघतात तसं तिने माझ्याकडे बघितलं, आधी चेहरा, मग हात, मग पायातल्या चपला. चपलांकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"मंगल," ती म्हणाली, "आज योशी."

मग बॅग उचलून माझ्या पुढे जिना चढू लागली. उद्याचं योशी उद्या पुन्हा मिळवावं लागेल. घर म्हणजे काय, तर सध्या माझ्यासाठी एवढंच आहे.